कॉम्बॅट फ्लाइट सिम नीट चालत नाहीये? आधी नेमकं कुठे अडलंय ते शोधा, मग मनसोक्त उडा

फ्लाइट सिम, म्हणजे विमान उडवायचा कॉम्प्युटर गेम, नवीन टाकलं, विमान रनवेवर उभं आहे, तुम्ही थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमीजास्त करायचा दांडा) पुढे ढकलला आणि विमान सरळ पळायच्या ऐवजी डावीकडे वळून थेट गवतात शिरलं. मग काय, सेटिंग उघडायचं, दोनचार गोष्टी बदलायच्या, परत गवतात, परत सेटिंग, आणि रात्रीचे दोन कधी वाजले कळतच नाही. बहुतेकांची पहिली संध्याकाळ अशीच जाते, आणि वाईट याचं वाटतं की खूपदा सेटिंगमध्ये काही चुकलेलंच नसतं, ते विमानच तसं असतं.

म्हणून काहीही बदलायच्या आधी एकच ठरवायचं की दोष नेमका कुठला आहे. कॉम्प्युटरचा आहे, जॉयस्टिकचा आहे की विमानाचा स्वभावच तो आहे? तिघांची लक्षणं लांबून सारखी दिसतात पण इलाज पूर्ण वेगळे. आणि दुसरी सवय म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलली की नोटपॅडमध्ये एक ओळ लिहून ठेवायची, काय बदललं आणि काय फरक पडला. कंटाळवाणं वाटेल, पण पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि सगळं नीट झालं तरी कशामुळे झालं ते कळत नाही, आणि पुढच्या अपडेटनंतर तेच पुन्हा बिघडलं की आपण परत पहिल्या पायरीवर.

सुरुवात जॉयस्टिकपासून करा

सिम बंद ठेवा. विंडोजची की आणि आर एकत्र दाबा, जी छोटी चौकट येईल त्यात जॉय डॉट सीपीएल, म्हणजे joy.cpl, टाइप करा (इंग्रजी अक्षरांत, मधे स्पेस नाही) आणि एंटर. जोडलेल्या सगळ्या डिव्हाइसची यादी येते, त्यातलं आपलं निवडून प्रॉपर्टीज उघडा. एका चौकोनात अधिकचं चिन्ह दिसेल, ती तुमची स्टिक. आता स्टिक एकदम हळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्या आणि सोडून द्या. चिन्ह कोपऱ्यापर्यंत पोचतंय का, सोडल्यावर मध्यावर येऊन शांत बसतंय का, मधेच उड्या मारतंय का, एवढंच बघायचं. थ्रॉटल आणि रडर (शेपटीचं सुकाणू) यांच्या पट्ट्यांचंही तेच. इथेच उड्या दिसल्या तर सिमच्या सेटिंगमध्ये डोकं घालू नका, दोष स्टिकमध्ये किंवा केबलमध्ये आहे.

स्वस्त आणि जुन्या स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतात, म्हणजे आत एका पट्टीवर धातूचा संपर्क घासत फिरत असतो, आणि घासून घासून पट्टी झिजली किंवा धूळ बसली की रीडिंग थरथरायला लागतं. हॉल सेन्सरवाल्या स्टिकमध्ये चुंबक आणि सेन्सर एकमेकांना टेकतच नाहीत त्यामुळे ही झीज होत नाही. थरथर फक्त मध्यावर असेल तर थोडा डेडझोन देऊन काम भागतं, म्हणजे मध्याच्या आसपासची बारीक हालचाल सिम मोजतच नाही. पण थरथर थ्रॉटलच्या अर्ध्यावर असेल तर डेडझोनचा काही उपयोग नाही, तिथे साफसफाई नाहीतर नवीन पोटेन्शिओमीटर.

मधूनच स्टिक मेली, यूएसबी निघाल्याचा आवाज आला आणि दोन सेकंदांनी परत जोडली गेली, असं होत असेल तर आधी यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक करणारी डबी) काढा आणि स्टिक सरळ कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टमध्ये लावा. स्टिक, थ्रॉटल, पेडल असे तिन्ही एका साध्या हबवर लटकवले की पॉवर पुरत नाही. तरीही होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन, वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करायची परवानगी दिलेली असते ती टिक काढा. आणि एकदा ठरवलेला पोर्ट बदलू नका, कारण पोर्ट बदलला की काही सिम त्याच स्टिकला नवीन डिव्हाइस समजतात आणि तुम्ही तासभर बसून लावलेली सगळी बटणं गेली म्हणून समजा.

आता ज्या एका गोष्टीने माझे दोन आठवडे खाल्ले ती सांगतो. मी पायाने रडर आणि ब्रेक चालवायची पेडल घेतली, जोडली, विंडोजमध्ये चाचणी केली, सगळं उत्तम. सिममध्ये टेकऑफही झाला. पण हवेत गेलं की विमान मधूनच नाक खाली टाकायचं, आणि ते पण कधी दहा मिनिटं काही नाही आणि कधी मिनिटाला तीनदा. मी स्टिक बदलून पाहिली, कॅलिब्रेशन केलं, सिम पुन्हा इन्स्टॉल केलं, काही उपयोग नाही. शेवटी एकदा सहज खाली पाहिलं तर नाक खाली जाताना माझ्या उजव्या पायाचा चवडा पेडलवर किंचित दाबला जात होता. त्या सिमने पेडल जोडताक्षणी उजव्या ब्रेकचा अक्ष, म्हणजे त्याच्या हालचालीचं रीडिंग, आपणहून पिचला लावून टाकला होता! म्हणजे विमानाचं नाक वरखाली करायला दोन मालक, एक माझा हात आणि एक माझा पाय, आणि मला त्यातला एकच माहीत.

हे फक्त माझ्या बाबतीत घडलेलं नाही, नवीन डिव्हाइस जोडलं की त्याचे अक्ष पिच, रोल (विमान कुशीवर करणं), थ्रॉटलला आपोआप लावून टाकणारी सिम बरीच आहेत. म्हणून काहीही नवीन जोडलं की कंट्रोल्समध्ये जाऊन अक्षांची यादी उघडायची, आणि पिच, रोल, रडर, थ्रॉटल या चार ओळी आडव्या वाचायच्या, प्रत्येक ओळीत सगळ्या डिव्हाइसचे रकाने मिळून एकच नोंद पाहिजे, जास्तीची दिसली की पुसायची. माऊसचा रकानाही बघा, तिथेही कधीकधी काहीतरी लपलेलं असतं. डीसीएस वर्ल्ड या लढाऊ सिममध्ये कॉकपिटमध्ये असताना उजवा कंट्रोल आणि एंटर दाबलं की एक छोटी चौकट येते, त्यात स्टिक, रडर आणि थ्रॉटल सिमला नेमके कुठे दिसतायत ते कळतं. हात मांडीवर ठेवून, पाय उचलून त्या चौकटीकडे बघा. खूण मध्यावर स्थिर नसेल तर कुणीतरी दुसरं विमान चालवतंय.

कर्व्हबद्दल थोडं, म्हणजे स्टिक किती हलली की कंट्रोल किती हलवायचे ते ठरवणारं सेटिंग. खऱ्या विमानातली स्टिक लांब असते, जमिनीपासून वर आलेली, त्यामुळे हात बराच हलला तरी कंट्रोल थोडेच हलतात. टेबलावरची स्टिक वीतभर, त्यामुळे बोटभर हललं की विमान उडी मारतं. म्हणून पिच आणि रोलला १५ ते २० पर्यंत कर्व्ह द्या, मध्याजवळ विमान मऊ होतं आणि नेम धरता येतो. ३० च्या वर जाऊ नका, कारण मध्यावर जे मऊ होतं ते टोकाकडे तितकंच तिखट होतं आणि जोरात वळताना विमान एकदम स्टॉलमध्ये जातं, म्हणजे पंखांची उचल संपते. थ्रॉटलला कर्व्ह देऊच नका, फक्त उलटा नाही ना ते बघा, पुढे ढकलल्यावर इंजिन मंद होत असेल तर इन्व्हर्टची टिक.

हे सगळं जमलं की सेटिंगची कॉपी करून ठेवा. डीसीएसमध्ये ती युजरच्या सेव्हड गेम्स फोल्डरात डीसीएस, त्यात कॉन्फिग, त्यात इनपुट अशी असते. छोटंसं फोल्डर आहे, पेनड्राइव्हवर टाका.

झटके आणि फ्रेमरेट

चित्र अडखळतंय म्हणजे ग्राफिक्स कमी करा, असं सरसकट सांगितलं जातं आणि ते अर्धवट आहे. आधी मोजा. फ्रेमरेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा, आकडा स्क्रीनवर आणा (डीसीएसमध्ये उजवा कंट्रोल आणि पॉज) आणि एकच मिशन, एकच जागा, एकच हवामान ठरवून तिथेच दरवेळी चाचणी घ्या. आकडा मोठा असण्यापेक्षा स्थिर असणं जास्त महत्त्वाचं. ३० आणि ९० मधे उड्या मारणाऱ्यापेक्षा शांत ४५ वर चालणारं सिम डोळ्यांना कितीतरी बरं वाटतं, आणि नेमही चांगला लागतो. म्हणून फ्रेम लिमिट लावायला लाजू नका.

मग प्रोसेसर अडवतोय की ग्राफिक्स कार्ड ते बघायची सोपी युक्ती. रिझोल्यूशन तात्पुरतं बरंच खाली आणा आणि तेच मिशन चालवा. आकडा धाडकन वाढला तर ग्राफिक्स कार्डावर ताण होता, मग सावल्या, ढग, अँटीअलियासिंग यांना कात्री लावा. आकडा जवळपास तेवढाच राहिला तर प्रोसेसर दमलाय, आणि आता सावल्या कितीही कमी केल्या तरी फारसा फरक पडणार नाही, तिथे मिशनमधली विमानं, रणगाडे, गाड्या कमी करायला हव्यात, लांबवर दिसण्याचं अंतर कमी करायला हवं. कॉकपिटमधले आरसे दोन्हीकडून खातात कारण आरशातलं जग सिमला वेगळं काढावं लागतं. मी आरसे बंद ठेवतो आणि मान वळवून मागे बघतो.

झटक्यांचा एक वेगळा प्रकार असतो, सुरुवातीची दहा मिनिटं लोण्यासारखं चालतं आणि मग शहरावर खाली आलं, मान वळवली की प्रत्येक वेळी गचका. ग्राफिक्स कार्डची मेमरी भरली की असं होतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात जीपीयू, तिथे डेडिकेटेड मेमरी बघा, ती काठोकाठ भरली असेल तर टेक्स्चर एक पायरी खाली आणा, बाकी काही हात लावू नका. साध्या रॅमचंही तसंच, डीसीएससारख्या सिमला १६ जीबीत जेमतेम भागतं आणि ३२ ला मोकळा श्वास मिळतो. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरची जी जागा वापरतं ती) बंद करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ती नसताना रॅम कमी पडली की सिम सरळ डेस्कटॉपवर आपटतं. सिम एसएसडीवर ठेवा, आणि अँटिव्हायरसला सिमचं फोल्डर आणि सेव्हड गेम्समधलं फोल्डर वगळायला सांगा.

लॅपटॉपवाल्यांनी आधी दोन गोष्टी बघायच्या. चार्जर लावलाय ना, आणि सिम मोठ्या ग्राफिक्स कार्डावर चालतंय ना. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्समध्ये जाऊन त्या सिमला हाय परफॉर्मन्स निवडून द्या. आणि पंधरावीस मिनिटांनी हळूहळू आकडा घसरत जात असेल तर बहुतेक वेळा मशीन तापतंय, पंख्यातली धूळ काढा, खाली हवा खेळू द्या.

कालपर्यंत नीट होतं, अपडेट झालं आणि बिघडलं? मग सिमच्या आत शोधा. डीसीएसमध्ये सेव्हड गेम्सच्या फोल्डरात एफएक्सओ आणि मेटाशेडर्स२ अशी दोन फोल्डर असतात, त्यातला माल पुसला तरी चालतो, सिम तो पुन्हा बनवतं, फक्त पहिलं मिशन उघडायला जरा जास्त वेळ लागतो. मग बाहेरून टाकलेले मॉड काढा. मग रिपेअर चालवा. तरीही नाही झालं तर सेव्हड गेम्समधल्या डीसीएस फोल्डरचं नावच बदला आणि सिम सुरू करा, ते नवीन कोरं फोल्डर तयार करेल. आता नीट चाललं तर दोष तुमच्या जुन्या सेटिंगमध्ये होता, मग जुन्यातलं इनपुट फोल्डर तेवढं उचलून इकडे आणा आणि उरलेलं थोडं थोडं करून. या एका युक्तीने माझे पुन्हा इन्स्टॉल करायचे कितीतरी तास वाचलेत.

आणि डीसीएसबद्दल नेटवर जुने सल्ले वाचताना तारीख बघत जा. २०२३ मध्ये त्यात मल्टिथ्रेडिंग आलं, त्याआधी बहुतेक भार एकाच कोअरवर असायचा, त्यामुळे तेव्हाच्या बऱ्याच युक्त्या आता लागू होत नाहीत.

जुन्या सिमवर जीव असणारे पण खूप आहेत आणि मीही त्यातलाच. १९९८ चं फाल्कन ४.०, त्याच वर्षीचं मायक्रोसॉफ्टचं पहिलं कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर, २००१ चं आयएल-२ स्टुर्मोविक, ही आजच्या मशीनवर चालवायची तर काही गोष्टी माहीत हव्यात. त्या काळातल्या बऱ्याच सीडींवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं आणि विंडोज १० मध्ये त्याचा आधारच काढून टाकलाय, त्यामुळे मूळ सीडी हातात असूनही गेम उघडत नाही. तोच गेम डिजिटल दुकानात मिळत असेल तर तो घेणं सगळ्यात सोपं. जुना गेम प्रोग्राम फाइल्समध्ये टाकू नका, तिथे विंडोज त्याला स्वतःच्या फाइल नीट लिहू देत नाही, सरळ सी ड्राइव्हवर गेम्स असं फोल्डर करा. चित्र फाटत असेल, रंग विचित्र येत असतील तर डीजीव्हूडू२ वापरून बघा, ते जुन्या डायरेक्टएक्सचं बोलणं नव्या डायरेक्ट३डीला समजेल असं करून देतं. आयएल-२ मध्ये रुंद स्क्रीनवर चित्र नीट बसत नसेल तर त्याच्या फोल्डरातली कॉन्फ नावाची आयएनआय फाइल उघडा, विंडो या भागात रुंदी आणि उंची आपल्या स्क्रीनची टाका आणि सेव्हअस्पेक्टपुढे ० करा. फाल्कनसाठी तर लोकांनी वर्षानुवर्षं खपून बीएमएस नावाची त्याची सुधारलेली आवृत्ती तयार केलीय आणि ती फुकट आहे, फक्त मूळ फाल्कन ४.० तुमच्याकडे असावं लागतं.

आणि हा दोष नाही, हा स्वभाव आहे

आता त्या गवतात शिरलेल्या विमानाकडे या. पुढे ताकदवान पंखा (प्रोपेलर) असलेल्या विमानात पूर्ण थ्रॉटल दिला की पंख्याची हवा गोल फिरत मागे येते आणि शेपटीच्या एका बाजूला धडकते, इंजिनाचा पीळ वेगळाच, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन मस्टँग, जर्मन बीएफ १०९ अशी विमानं डावीकडे ओढतात. ग्रिफन इंजिनवाल्या ब्रिटिश स्पिटफायरचा पंखा उलटा फिरतो म्हणून ती उजवीकडे ओढते. मस्टँगमध्ये आधी रडर ट्रिम (पाय न दाबता रडरला एका बाजूला झुकवून ठेवायची सोय) उजवीकडे ६ अंश लावा, स्टिक मागे ओढून धरा म्हणजे शेपटीचं चाक भरकटत नाही, आणि थ्रॉटल एकदम नाही, हळूहळू वाढवत (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबाच्या डायलवर) ६१ इंचापर्यंत न्या, ३००० आरपीएम. उजवा पाय आधीपासून तयार ठेवा. विमान वळल्यावर पाय दाबलात तर उशीर झालेला असतो.

दोष की स्वभाव हे ओळखायची चाचणी अगदी सोपी आहे आणि फुकट पण आहे. डीसीएसच्या मोफत भागात दोन विमानं मिळतात, टीएफ-५१डी म्हणजे बिनबंदुकीची मस्टँग, आणि सु-२५टी हे जेट. वारा शून्य केलेल्या मिशनमध्ये, पंखाखाली काही न टांगता, आधी जेट उडवा. ट्रिम करून हात सोडा. ते सरळ जातंय पण मस्टँग ओढतेय, तर तो मस्टँगचा स्वभाव. दोघंही एकाच बाजूला ओढतायत तर परत जॉय डॉट सीपीएल उघडा.

स्वभावाची आणखी दोन उदाहरणं, कारण यावरून तक्रार करणारे मी खूप पाहिलेत. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये स्टिक झटक्यात पुढे ढकलली की इंजिन खोकतं, कधी क्षणभर बंद पडतं. मर्लिन इंजिनाला तेव्हा तरंगत्या फ्लोटचा कार्ब्युरेटर होता, निगेटिव्ह जी मध्ये, म्हणजे विमानातलं सगळं वर ओढलं जाताना, पेट्रोल वर जायचं आणि इंजिन गडबडायचं. जर्मन १०९ ला फ्युएल इंजेक्शन असल्यामुळे ती निवांत नाक खाली टाकून निसटायची. १९४० मध्ये खरे पायलट यावर उपाय म्हणून विमान आधी अर्धं उलटं करून मग खेचून डाइव्ह मारायचे, तुम्हीही तेच करा, सिममध्ये तेच लागू पडतं. पुढे १९४१ मध्ये बिअट्रिस शिलिंग या ब्रिटिश इंजिनिअर बाईंनी पेट्रोलच्या वाटेत बसवायची एक छोटीशी भोकाची चकती तयार केली आणि त्रास बराच कमी झाला. हे माहीत झालं की इंजिनाचं ते खोकणं ऐकायला मला उलट आवडायला लागलं.

दुसरं १०९ चं. जोरात वळताना खाडकन आवाज होतो आणि पंखाच्या पुढच्या कडेचा भाग बाहेर येतो, काही तुटलेलं नाही, त्या स्लॅट, म्हणजे पंखाच्या सरकत्या पट्ट्या, पंख हवेला जास्त कोनात भिडला की आपोआप बाहेर येतात. आणि तिला हवेत रडर ट्रिम करायची सोयच नाही, त्यामुळे वेग बदलला की सतत थोडा पाय लावून ठेवावा लागतो. तेच तिचं वागणं.

विमान भोवऱ्यासारखं गरगरत खाली जायला लागलं तर थ्रॉटल पूर्ण बंद, स्टिक आडवी कुठेही झुकवायची नाही, ज्या बाजूला फिरतंय त्याच्या विरुद्ध रडर पूर्ण, मग स्टिक पुढे. फिरणं थांबलं की रडर मध्यावर आणि हळू खेचून बाहेर. हे उंचावर जाऊन मुद्दाम दहा वेळा करा, लढाईत डोकं चालत नाही, हातापायांनाच आठवावं लागतं.

मजा कशी येते

एक विमान निवडा आणि महिनाभर दुसऱ्याला हात लावू नका. यादी मोठी असते, मोह होतो, पण चार विमानं अर्धीअर्धी शिकलेला माणूस एक विमान पूर्ण ओळखणाऱ्यापुढे टिकत नाही. आवाजावरून वेग कळायला लागला, थरथर सुरू झाली की स्टॉल किती जवळ आलाय ते पाठीला कळायला लागलं, की मग खरी गंमत.

बघता येणं ही यातली सगळ्यात मोठी कला. शत्रू नजरेआड झाला की लढाई निम्मी हातातून गेली. हॅट स्विचने (स्टिकवरचं अंगठ्याचं बटण) मान वळवून काम होतं पण हेड ट्रॅकिंग लावलं, म्हणजे आपली खरी मान वळली की सिममधली नजर वळते, की जग बदलतं, आणि त्यासाठी महागाचं काही घ्यायलाच पाहिजे असं नाही, ओपनट्रॅक नावाचं मोफत सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमवरून तुमचा चेहरा ओळखून मान वळवतं. अट एकच, चेहऱ्यावर समोरून उजेड हवा. मागून दिवा असेल तर ते भरकटतं. सुरुवातीला विमानांवर नावाची लेबलं चालू ठेवा, कुणी काही म्हणो, स्क्रीनवरचा ठिपका म्हणजे खऱ्या पायलटच्या डोळ्याला दिसणारं विमान नव्हे. व्हीआर लावत असाल तर मळमळ सुरू झाल्याक्षणी काढून ठेवा, सहन करत बसलं तर मेंदू व्हीआर म्हणजे मळमळ अशी सांगडच घालून ठेवतो.

गोळ्या फार लांबून मारू नका. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये आठ मशीनगन, प्रत्येकीत ३०० गोळ्या, ट्रिगर धरून ठेवला तर पंधरा सेकंदांत सगळं संपतं. पंखातल्या बंदुका एका ठरावीक अंतरावर एकत्र येतील अशा किंचित आत वळवलेल्या असतात, ज्या सिममध्ये हे अंतर ठरवता येतं तिथे २०० ते २५० मीटर ठेवा आणि तेवढ्या जवळ गेल्याशिवाय ट्रिगरला बोट लावू नका. समोरच्याचे पंख नेम धरायच्या काचेवरच्या वर्तुळाबाहेर गेले की मग. ओस्वाल्ड बोल्के या जर्मन पायलटने १९१६ मध्येच हे लिहून ठेवलं होतं, सूर्य पाठीशी ठेवा, जवळ गेल्यावरच मारा, सुरू केलेला हल्ला अर्धवट सोडू नका. शंभरहून जास्त वर्षं झाली, सिममध्ये आजही हे जसंच्या तसं चालतं.

त्यात मी माझ्याकडून उंचीची भर घालीन. उंची म्हणजे बँकेतली शिल्लक, डाइव्ह मारला की ती वेगात मिळते, वर चढलं की परत जमा होते. घट्ट वळत बसलात की दोन मिनिटांत खातं रिकामं. वरून या, एकदा मारा, लागो न लागो, वर निघून जा. नवीन असताना हे करायला धीर होत नाही, वळून पाठलाग करावासा वाटतो, आणि तिथेच दुसरा कुणीतरी मागून येतो.

उडून झालं की रेकॉर्डिंग बघा. टॅकव्ह्यू नावाचं सॉफ्टवेअर डीसीएस, बीएमएस वगैरेंची उड्डाणं नकाशावर उलगडून दाखवतं, कोण कुठे होतं, कुणाचा वेग किती होता. मी पाडला गेलो ती लढाई मी नेहमी शत्रूच्या खुर्चीत बसून बघतो. एकदा असं दिसलं की तो तब्बल चार मिनिटं माझ्या मागे, खाली, शेपटीच्या आडोशाला शांतपणे येत होता आणि त्या चार मिनिटांत मी एकदाही विमान कुशीवर करून खाली पाहिलं नव्हतं. तेव्हापासून दर मिनिटाला एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे कूस घेऊन खाली बघतो.

बसायचं पण बघा. स्टिक टेबलावर उंच असेल तर खांदा दुखतो आणि हात थरथरतो, शक्य असेल तर दोन गुडघ्यांच्या मधे, खाली बसवा, कोपर मांडीला टेकवा. इतक्या साध्या गोष्टीने नेम सुधारतो.

आणि प्रत्येक उड्डाण उतरून संपवा, लढाई झाली की एस्केप दाबून बाहेर पडू नका. मस्टँगचं सांगतो, वेग ताशी १७० मैलांच्या खाली आला की चाकं, १६५ च्या खाली पूर्ण फ्लॅप, शेवटच्या टप्प्यात १२० च्या आसपास, रनवेची कड ओलांडली की थ्रॉटल हळू मागे आणि नाक थोडं थोडं वर धरत राहायचं, ती आपणहून बसते. चाकं टेकल्यावर पाय सैल सोडू नका, स्टिक पोटाशी धरून ठेवा, वेग पूर्ण मरेपर्यंत ती अजूनही गवताकडे बघत असते.